वावेत तीन

सुकतीच्या वेळी दांडीच्या किनाऱ्यावरची वाळू घट्ट असते. पाय रुततो तो बोटभर, आणि उमटलेला ठसा बराच वेळ कडा न ढासळता तसाच राहतो. त्या सकाळी बाबा पुढे गेले होते आणि मला घरून निघायला उशीर झाला. त्यांना गाठायचं म्हणून मी त्यांच्या पावलांचा माग धरला. चाळीस-पन्नास पावलांवर थांबले. हा माग बाबांचा नसावा असं वाटलं.

उजवं पाऊल ओळखीचं होतं. टाच खोल, मग चवडा, शेवटी अंगठ्याचा खड्डा. डाव्या पावलाला टाचेचा खड्डाच नव्हता. अख्खा तळवा एकदम टेकलेला, आणि ठशापर्यंत ओढत आलेली बारीक रेघ, पाय उचलायचा राहून गेल्यासारखी. मी उकिडवी बसून विती टाकल्या. डाव्या टाचेपासून उजव्या टाचेपर्यंत अडीच विती. उजवीपासून डावीपर्यंत दोनसुद्धा भरेनात. पुढच्या जोडीला तेच, त्याच्या पुढच्या जोडीलाही तेच.

मान वर केली तर दूर पाण्याच्या कडेने चाललेले बाबाच दिसत होते. या अंतरावरून त्यांच्या चालण्यात काहीच वेगळं दिसत नव्हतं. रोज त्यांच्याबरोबर चालणाऱ्या मला जे कधी दिसलं नव्हतं, ते वाळूने लिहून ठेवलं होतं.

माझ्या बाबांनी चाळीस वर्षं रापण ओढली. होडीने जाळं अर्धगोल टाकत न्यायचं, दोराची दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि दोन्ही टोकांना माणसांची रांग. अंग मागे झोकून, टाचा वाळूत रोवून, पाठीकडे चालत दोर ओढायचा. महिनाभरापूर्वी असाच दोर ओढताना बाबा मागच्या मागे बसले होते. कोणी धक्का दिला नव्हता की दोर तुटला नव्हता. लोक म्हणाले, "वय झाला." एका दवाखान्यात गुडघ्याची झीज सांगून मलम दिलं. आम्हीही तेवढ्यावर राहिलो.

वाळूतल्या त्या ठशांपाशी बसले असताना मला लहानपणीची एक गोष्ट आठवली. १६६४ साली बांधायला घेतलेल्या आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दोन लहानशा घुमट्या आहेत. शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून जपलेला चुन्यातला ठसा तिथे आहे. बाबांनी मला उचलून तो दाखवला होता. मी विचारलं, महाराज कसे चालायचे? बाबा म्हणाले, "एका पावलान काय कळतला गो? चाल कळाक दोन पावला व्हयी."

पावलाच्या लांबीवरून माणसाच्या उंचीचा अंदाज बांधता येतो. पाऊल साधारण उंचीच्या पंधरा टक्के असतं. चाल मात्र एका ठशात मावत नाही, ती दोन ठशांच्या मधल्या मोकळ्या जागेत असते. टांझानियात लाएटोली इथे १९७८ साली मेरी लीकी यांच्या चमूला ज्वालामुखीच्या ओल्या राखेत उमटून दगड झालेला पावलांचा माग सापडला. तो सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीचा होता. एखादंच पाऊल सापडलं असतं तर तो पाय कसा होता तेवढं कळलं असतं. पण तो सलग सत्तावीस मीटरचा माग होता, म्हणून ते प्राणी दोन पायांवर आपल्यासारखे सरळ चालत होते, पावलं केवढी टाकत होते, हे सांगता आलं. बाबांना लाएटोली माहीत नव्हतं. त्यांना माग माहीत होता.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या दिवशी घरी आल्यावर मी शोधायला बसले, आणि पहिलाच जो माणूस भेटला त्याने मला खुर्चीवरून उठवलं. १८८६ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जॉर्ज जिल द ला तुरेत या तरुण डॉक्टरने सात-आठ मीटर लांबीचा कागद जमिनीवर अंथरला, मधोमध एक सरळ रेघ मारली, रुग्णांच्या तळव्यांना लोखंडाच्या गंजाची तांबडी पूड लावली आणि त्यांना त्या रेघेवरून चालायला सांगितलं. कागदावर तांबडी पावलं उठली. मग फूटपट्टी घेऊन त्याने दोन पावलांमधलं अंतर, पाऊल मधल्या रेघेपासून किती बाजूला पडलं, बोटं किती बाहेर वळली, सगळं मोजलं. अंगाला अनावर झटके येण्याचा एक आजार आज त्याच्या नावाने ओळखला जातो, पण माझ्यासाठी तो कागद अंथरणारा माणूस आहे. त्याच्या रुग्णांत पार्किन्सनचेही रुग्ण होते.

हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा बाबांच्या बाजूला ठेवून पाहिला.

जेम्स पार्किन्सन लंडनच्या होक्स्टन भागातला डॉक्टर. १८१७ साली त्याने कंपवातावर छोटंसं पुस्तक लिहिलं. त्यात सहाच माणसांची हकीकत आहे. त्यांतली काही त्याला रस्त्यातच भेटली होती, आणि एकाला तर त्याने फक्त दुरून पाहिलं होतं. शरीर पुढे झुकलेलं, चालता चालता पावलं आपोआप धावण्याकडे वळणारी, हे त्याने रस्त्यावर उभं राहून टिपलं. हातात माप नव्हतं, पण नजर अशी की दोनशे वर्षांनंतरही ते वर्णन खोटं पडलेलं नाही. मला त्या नजरेचा हेवा वाटला. बाबा तर माझ्या घरात होते.

पण नजर चुकते, आणि ती कुठे चुकते हे शोधायलाच माणसाला सगळं एकोणिसावं शतक लागलं. चालताना एकाच क्षणी पाऊल टेकतं, गुडघा वाकतो, कंबर वळते, उलटा हात पुढे येतो. डोळा एकाकडे बघतो तोवर बाकीचं घडून गेलेलं असतं. म्हणून कोणी बुटांचीच लेखणी केली. ट्युबिंगेनच्या हर्मान फीरोर्टने १८८१ साली बुटांना बारीक नळ्या लावल्या, आणि चालणाऱ्याच्या मागे रंगाच्या पिचकाऱ्यांची ओळ उमटत गेली. त्याआधी पॅरिसमध्ये एतिएन-ज्यूल मारे आणि त्याचा विद्यार्थी कार्ले यांनी तळव्याखाली हवेच्या पिशव्या ठेवल्या होत्या. पाय दाबला की हवा रबरी नळीतून जाऊन टोकाची काडी हलवायची, आणि पाय किती वेळ टेकला, किती वेळ अधांतरी होता, हे कागदावर उमटायचं.

या सगळ्यांच्या मागे एक वाद होता, आणि तो समजला तेव्हा बाबांच्या पायाचं कोडं मला उलगडायला लागलं. १८३६ साली विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या जर्मन भावांनी चालण्यावर पहिलं मोठं शास्त्रीय पुस्तक लिहिलं. एक भाऊ भौतिकशास्त्रज्ञ, दुसरा शरीररचनेचा अभ्यासक. त्यांचं म्हणणं असं की उचललेला पाय घड्याळाच्या लंबकासारखा आपल्याच वजनाने पुढे झुलतो, स्नायूंना काही करावं लागत नाही. कल्पना इतकी देखणी होती की अर्धशतकभर तिला धक्का देणारं माप कोणाकडे नव्हतं.

ते माप लाइपझिगमध्ये मिळालं. विल्हेल्म ब्राउने हा शरीररचनेचा प्राध्यापक आणि ओटो फिशर हा गणिती. मृतदेह गोठवून माणसाच्या अवयवांचे गुरुत्वमध्य त्यांनी आधीच काढून ठेवले होते. १८९१ च्या उन्हाळ्यात त्यांनी एका जिवंत माणसाच्या अंगावर विरळ वायू भरलेल्या काचेच्या नळ्या बांधल्या. मांडी, पोटरी, पाऊल, दंड, हात, डोकं, सगळीकडे. नळ्यांतून विजेचे झटके जायचे आणि त्या ठरावीक अंतराने लुकलुकायच्या. विजेचा धक्का बसू नये म्हणून खाली रबर. तयारीला तासन्‌तास लागायचे. खोलीत पुरता अंधार करता येत नव्हता, म्हणून काम रात्री चालायचं. चार कॅमेरे झाकणं उघडून उभे. मग तो माणूस मोजकी पावलं चालला.

इतकी वर्षं रखडलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या मोजक्या पावलांत होतं. काचांवर माणूस उमटलाच नाही, उमटल्या त्या अवयवांच्या चमकत्या रेघा. एकीमागे एक, पंखा उघडावा तशा. पुढचं काम फिशरचं. प्रत्येक रेघेची जागा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची, चार कॅमेऱ्यांवरून तिची अवकाशातली खरी जागा काढायची, त्यावरून वेग, वेगावरून बल. सगळं हाताने. एका चालण्याच्या गणिताला महिनेच्या महिने. ब्राउने १८९२ मध्ये वारला. फिशर एकटा बसून आकडे काढत राहिला. १८९५ पासून १९०४ पर्यंत सहा भाग निघाले, आणि त्यांतून दिसलं की वेबर भावांचा लंबक पुरा पडत नाही. पाय पुढे जातो त्यात स्नायूंचा हात आहे.

मला या दोघांबद्दल फार माया वाटते. मोजक्या पावलांसाठी कोणी आयुष्याची इतकी वर्षं द्यावीत, ही गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा मुलं शांत होतात.

वेबर भाऊ अगदीच चुकले होते असंही नाही. १९९० मध्ये टॅड मॅकगीरने मोटार नसलेलं, मेंदू नसलेलं दोन पायांचं यंत्र हलक्या उतारावर सोडलं, आणि ते टक टक करत चालत गेलं. टेकलेला पायही उलट्या लंबकासारखा वागतो. आपण त्याच्यावरून कमान घेऊन पुढे पडतो, आणि पडण्याचा वेग पुढच्या पावलात वापरतो. केनियातल्या किकुयू आणि लुओ बाया डोक्याच्या आधाराने वजन घेऊन चालताना किती ऑक्सिजन वापरतात हे १९८६ मध्ये मोजलं गेलं. स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतचा भार त्यांना जवळजवळ फुकट पडत होता. पुढे १९९५ मध्ये कारण कळलं: असा भार घेतला की त्यांचा तो उलटा लंबक आणखी काटकसरीने चालतो. माझी आई पहाटे मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात जायची. पाटी असताना ती बिनपाटीपेक्षा सुबक चालायची, मान अजिबात न हलवता. तिचं कोणी मोजलं नाही.

फिशरच्या गणिताचा माझ्यासाठी अर्थ असा होता. पाय नुसताच झुलत असता तर बाबांच्या घसटणाऱ्या पायाचा दोष हाडात किंवा सांध्यात शोधावा लागला असता. पण प्रत्येक पावलाला स्नायूंना हुकूम लागतो, आणि हुकूम वरून येतो. गुडघा निर्दोष असू शकतो.

मी बाबांना गोव्यातल्या एका न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. मोबाइलमध्ये ठशांचे फोटो होते, ते दाखवायला मला संकोच वाटत होता. डॉक्टरांनी ते मोठे करून पाहिले. मग बाबांना बोळातून चालत जायला, वळून परत यायला सांगितलं. "यांचा डावा हात बघा," ते म्हणाले. उजवा हात झुलत होता, डावा अंगाला चिकटून होता. वळताना बाबांनी सहा-सात बारीक पावलं घेतली. शेवटी डॉक्टर त्यांच्या मागे उभे राहिले आणि दोन्ही खांदे धरून त्यांना झटकन मागे ओढलं. बाबा तोल सावरू शकले नाहीत, डॉक्टरांनीच त्यांना झेललं. रापणीत ते मागच्या मागे बसले होते, ते हेच होतं.

कंपवाताला हात थरथरायलाच हवेत असं आम्ही समजत होतो. बाबांच्या हाताला थरथर नव्हती.

पुढे एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला चालीची भाषा शिकवली. एका पायाच्या टाचेपासून दुसऱ्या पायाच्या टाचेपर्यंत स्टेप. त्याच पायापासून पुन्हा त्याच पायापर्यंत स्ट्राइड. एक पाय टेकल्यापासून तोच पुन्हा टेकेपर्यंत चालीचं एक आवर्तन. त्यातला साधारण साठ टक्के वेळ तो पाय जमिनीवर, चाळीस टक्के अधांतरी. दोनदा, प्रत्येकी दहा टक्क्यांच्या आसपास, दोन्ही पाय जमिनीवर असतात. माणूस घाबरला, म्हातारा झाला, आजारी पडला की हा दोन पायांचा वेळ वाढतो. आज प्रयोगशाळांत काचेच्या नळ्यांच्या जागी चमकणाऱ्या गोळ्या चिकटवतात, भिंतींवर इन्फ्रारेड कॅमेरे असतात, जमिनीत दाब मोजणाऱ्या पट्ट्या बसवलेल्या असतात, आणि फिशरचं महिन्यांचं काम संगणक क्षणात करतो.

ताईंनी सांगितलेली एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. पूर्वी आवर्तनाच्या पहिल्या क्षणाला "हील स्ट्राइक" म्हणायचे, म्हणजे टाचेचा ठोका. कॅलिफोर्नियात रांचो लॉस अमिगोस नावाचं पुनर्वसन रुग्णालय आहे. तिथे जॅकलिन पेरी या अस्थिशल्यविशारद बाईंनी सहकाऱ्यांसोबत पोलिओ, पक्षाघात झालेल्या माणसांची चाल अनेक वर्षं पाहिली. त्यांच्या कित्येक रुग्णांची टाच आधी टेकतच नव्हती. कोणाची बोटं टेकायची, कोणाचा तळवा. टाच टेकत नसलेल्या माणसाच्या चालीला टाचेचा ठोका म्हणायचं कसं? म्हणून त्यांनी तो शब्द बाजूला ठेवला आणि "इनिशियल कॉन्टॅक्ट", म्हणजे पहिला स्पर्श, असा शब्द घेतला. कुठल्याही पायाला लागू पडेल असा. बाबांच्या डाव्या पायाला त्यात जागा होती.

गोळ्या सुरू झाल्या. लेव्होडोपाने हात-पाय मोकळे झाले. (आमच्या गडग्यांवर चढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत हेच द्रव्य असतं. शेजाऱ्यांनी बिया आणून दिल्या होत्या. त्यात मात्रा किती जाते याचा हिशेब राहत नाही, म्हणून डॉक्टरांनी त्या देऊ दिल्या नाहीत.) पण पावलं आखूडच राहिली. बाबांना विचारलं तर म्हणायचे, "मी बराबर चलतंय." त्यांना ती आखूड वाटतच नव्हती.

त्यावरचा उपाय १९६७ मध्येच एका ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टने, जे. पर्डन मार्टिनने, लिहून ठेवला होता. जमिनीवर आडव्या रेघा असल्या तर कंपवाताचा रुग्ण त्यांवरून मोठी पावलं टाकत जातो. पुढे १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात मेग मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते नीट मोजलं. निरोगी पावलाच्या अंतरावर रेघा मारल्या की रुग्णांची स्ट्राइड निरोगी माणसांच्या बरोबरीला आली. म्हणजे मोठं पाऊल टाकायची ताकद पायात होती. मेंदूच्या खोल भागातली, सवयीने पावलाचं माप ठरवणारी यंत्रणा लहान माप देत होती. डोळ्यासमोर रेघ आली की माणूस त्या यंत्रणेला वळसा घालून, बघून, ठरवून पाऊल टाकतो.

वाचून झालं तेव्हा रात्र झाली होती. दुसऱ्या दिवशी सुकती सकाळी होती.

दांडीवर मी झावळीचा देठ घेऊन पहिली आडवी रेघ मारली. पुढची कुठे मारायची म्हणून टेप काढली. बाबा बघत होते.

"काय करतंस गो?"

मी सांगितलं. रेघेवर पाऊल टाकायचं, पुढच्या रेघेवर पुढचं. मधलं अंतर किती ठेवायचं ते मोजते आहे.

बाबांनी टेप माझ्या हातातून घेऊन वाळूवर ठेवली. दोन्ही हात आडवे पसरले, जाळं मोजताना पसरायचे तसे. या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. डावा हात थोडा खाली राहिला होता. "वावेत तीन मार," ते म्हणाले. "तरणो होतंय तेवा वावेत तीन पावला पडत."

मी मनात हिशेब केला. वाव म्हणजे माणसाच्या उंचीइतकीच. तिचा तिसरा हिस्सा पुस्तकातल्या निरोगी पावलाहून कमी होता, पण ओल्या वाळूला तेवढा बरोबर होता.

बाबांच्याच हातांनी वाव धरून आम्ही पाच वावा आखल्या. पंधरा रेघा. बाबा पहिल्या रेघेमागे उभे राहिले. किनाऱ्यावरचे दोघं-तिघं रापणकर येऊन बाजूला थांबले. बाबांनी रेघेकडे पाहिलं, उजवा पाय टाकला. मग डावा. डावा उचलला गेला. रेघेच्या पलीकडे पडला आणि टाच टेकली. मी ती टाच टेकताना पाहिली. तिसरं पाऊल, चौथं. पाठ सरळ व्हायला लागली. सातव्या-आठव्या रेघेपाशी डावा हात अंगापासून सुटला आणि थोडा झुलला. रापणकरांपैकी एकजण हळूच म्हणाला, "बघ, कसो चलता तो."

पंधरावी रेघ ओलांडून ते पुढे गेले. पुढे नुसती वाळू. चार पावलं तशीच मोठी पडली, पाचवं जरा कमी, सहावं त्याहून कमी. मी मागून ठसे बघत चालत होते. आठव्या ठशाला पुन्हा ओढलेली बारीक रेघ दिसली.

बाबा थांबले. खाली पाहिलं, मग सहा-सात बारीक पावलं घेत माझ्याकडे वळले. झावळीचा देठ माझ्याच हातात होता.

"फुडली रेघ खंय गो?"